त्या रविवारी मी कुणाचा कामगार होतो

हे मी सांगतो आहे आणि माझी बायको यमुना लिहून घेते आहे. तिची सातवी झालेली आहे, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. मधे मधे ती मला थांबवते आणि "असं नव्हतं झालं" म्हणते. तिथे मी तिचं ऐकलं आहे.

अलीकडे बोईसर-तारापूरकडे मोठी बांधकामं निघाली, तशी हातपाय मोडून घेणारी माणसंही वाढली. त्यांतलं कुणी ना कुणी आमच्या नवापूरच्या घरी येतं. ओट्यावर बसतं, चहा होईपर्यंत हवापाण्याचं बोलतं आणि शेवटी विचारतं, "जनाभाऊ, एकदम देतात ते पैसे घेऊ, का महिन्याच्या महिन्याला मिळतात ते?"

मी वकील नाही. माझं काय झालं तेवढं सांगतो.

गॅस

मी मुंबईला माझगावच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये फिटर होतो. बर्फाच्या कारखान्यांचे कॉम्प्रेसर दुरुस्त करणं हे आमचं काम. आठवडाभर मुंबईत खोलीवर राहायचं आणि सुट्टीला गावी यायचं. पगारातून कामगार विम्याची वर्गणी कापली जायची. ती कशासाठी कापतात याचा मी कधी विचार केला नव्हता.

आमच्या गावाकडे, बोईसरच्या वाटेवर, एका शेठचा बर्फखाना होता. आसपासच्या बोटींना तिथलाच बर्फ जायचा. त्याचा कॉम्प्रेसर आवाज करायला लागला म्हणून शेठने आमच्या वर्कशॉपला निरोप धाडला. शनिवारी संध्याकाळी आमचे फोरमन, वसईचे पास्कल, मला म्हणाले, "जनार्दन, उद्या तू गावाला चाललाच आहेस. जाता जाता तो कॉम्प्रेसर बघून ये. तुझी रविवारची हजेरी लावतो." मी हो म्हटलं. सगळं बोलणं एवढंच, दारात उभं राहून झालेलं.

रविवारी सकाळी मी बर्फखान्यात शिरलो तेव्हाच अमोनियाचा वास नेहमीपेक्षा तिखट होता. तिथे बर्फाच्या लाद्या काढायला बारक्या नावाचा वारली गडी होता, मनोरच्या बाजूच्या पाड्यावरचा. तो नाकाला फडकं बांधून काम करत होता. मी विचारलं, "वास कधीपासून येतो?"

"चार दिस झालं. शेठला बोललू. शेठ बोलं, सीझन हाय, मशीन बंद नाय करायची."

मशीन बंद करा, असं मीही शेठच्या मुकादमाला सांगितलं. त्याने मान हलवली आणि तो बाहेर गेला. मला वाटलं, बंद करायलाच गेला. मी व्हॉल्व्हपाशी वाकलो आणि बोल्टला पाना लावला. त्यानंतर पांढरं झालं. धूर नव्हे, नुसतं पांढरं. डोळ्यांत कुणी निखारे भरले असं वाटलं. श्वास घ्यायला तोंड उघडलं तर आत काही जाईना. दार कुठल्या अंगाला ते कळेना. मी भिंतीला धडकत राहिलो.

मला बारक्याने ओढून काढलं. ओलं गोणपाट तोंडाला लावून तो आत आला होता. मला अंगणात उताणं पाडून त्याने माठातलं पाणी माझ्या डोळ्यांत ओतलं. माठ संपल्यावर विहिरीचं ओतलं. मी त्याला लाथा मारत होतो, शिव्या देत होतो. तो खोकत होता आणि ओतत होता.

निदान

बर्फाच्याच ट्रकमध्ये ओल्या भुश्यावर झोपवून मला पालघरला नेलं. तिथून पट्ट्या बांधून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात. दोन दिवसांनी आग कमी झाली. डॉक्टरीणबाईंनी उजव्या डोळ्याची पट्टी सोडली तर मला त्यांचा पांढरा कोट दिसला, खिडकी दिसली, खिडकीबाहेरचं झाड दिसलं. मी हसलो. यमुना रडायलाच लागली. आम्हाला वाटलं, सुटलो.

बाईंनी यमुनेलाही खाटेजवळ बोलावलं. त्या कोरड्या होत्या, पण खोटं बोलणाऱ्या नव्हत्या.

"डावा डोळा गेला आहे. तो परत येणार नाही. उजव्याचं आज दिसतंय. पण हा गॅस चुन्यासारखा असतो. वरून विझला असं वाटतं आणि आत खात राहतो. कधी महिन्यांनी कळतं, कधी वर्षांनी."

"म्हणजे हाही जाईल?" मी विचारलं.

"जाईलच असं नाही. राहीलच असंही मी म्हणणार नाही." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या डोळ्यांत इतकं पाणी कुणी ओतलं?"

मी बारक्याचं नाव सांगितलं.

"आज जे दिसतंय ते त्या माणसामुळे," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून माझी एक सवय झाली. सकाळी जाग आली की डोळा उघडायच्या आधी मी थोडा वेळ तसाच पडून राहायचो. उघडला आणि अंधार असला तर? ती सवय अजून गेलेली नाही.

वॉर्ड

औषध घालून दिवसाचा बराच वेळ माझ्या उजव्या डोळ्यावरही पट्टी बांधून ठेवायचे. डोळ्यांच्या वॉर्डात माणसं एकमेकांना आवाजावरून ओळखतात. पहाटे झाडूचा आवाज, मग चहाच्या किटलीचा, मग सिस्टरच्या ट्रेचा. तो ट्रे खडखडला की मी खाटेची कड घट्ट धरायचो. पापण्या डोळ्याला चिकटून बसू नयेत म्हणून त्या काचेची बारीक कांडी पापणीच्या आतून फिरवायच्या. एक सिस्टर कांडी फिरवताना स्वतःच्या गावच्या गमती सांगायची. दुखायचं तेवढंच, पण तिची पाळी असली की मला बरं वाटायचं.

माझ्या शेजारच्या खाटेवर बाबूराव होते, गिरणीतले विणकर. मागाचा धोटा उडून त्यांचा एक डोळा काही वर्षांपूर्वी फुटला होता. आता दुसऱ्यात मोतीबिंदू झाला होता. माझी हकीकत ऐकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "त्या रविवारी तू कुणाचा कामगार होतास?"

मला प्रश्नच समजला नाही.

"नीट ऐक. वर्कशॉपने पाठवलं असेल तर तू विम्यातला माणूस. औषधपाणी विम्याचं, बरा होईपर्यंत भत्ता, आणि डोळा अधू राहिला तर थोडे थोडे पैसे जन्मभर. पण तू आपखुशीने शेठचं काम करायला गेला असशील, तर शेठने नुकसानभरपाई द्यायची, एकदाच. दोन्हीकडे हात पसरता येत नाही. एक दार उघडलंस की दुसरं बंद."

"पैसे जास्त कुठे?"

"हातात एकदम पडतात तेव्हा भरपाई मोठी दिसते," बाबूराव म्हणाले. "पण तुझा दुसरा डोळा अजून ठरायचाय ना? भरपाई आजच्या डोळ्याची मिळेल. उद्याच्या डोळ्याची कोण देणार?"

रात्रभर ते वाक्य माझ्या उशाशी बसून होतं.

दादा येतो

माझा थोरला भाऊ मोरेश्वर, आमच्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य. बाप गेल्यावर त्यानेच मला शिकवलं. तो इस्पितळात आला तेव्हा मला आधी त्याच्या अंगाचा सुक्या मासळीचा वास आला आणि बरं वाटलं. थोडा वेळ तो गावचं बोलला. मग खिशातून कागद काढल्याचा आवाज झाला.

"शेठने दिलाय. भरपाई देतो बोलला. लगेच. तू सही कर."

"काय लिवलंय?"

"काय असनार? पैसे मिळाले असा लिवलाय."

मी तो कागद यमुनेकडे द्यायला लावला. ती वाचायला लागली. 'मी रविवारी सुट्टीच्या दिवशी स्वखुशीने खाजगी काम करण्यास गेलो होतो. माझ्या चुकीने व्हॉल्व्ह उघडला गेला...' तिथे ती थांबली.

"पुढं वाच," मी म्हटलं.

"'यापुढे माझा कोणाकडेही कसलाही हक्क राहिलेला नाही.'"

 मग दादाच हळू आवाजात म्हणाला, "जना, आयक. तू विम्यात गेलास तर अपघात लिवून द्यावा लागंल. मग इन्स्पेक्टर येनार, बर्फखाना बंद होनार. सीझन हाय. गावातल्या बोटी बर्फाशिवाय काय करनार? पापलेट उन्हात टाकू? आपल्या एका घरासाठी सगळं गाव बुडवशील?"

"दादा, माझी चूक नव्हती रे."

"मी कुठं बोलतो चूक होती? कागदावर चूक लिवल्यानं काय होतं? पैसे घे, गावात मान ठेव. बारक्यानं अंगठा दिला पन. तो शाना निघाला."

"आणि दुसरा डोळा गेला तर?"

दादाने कागद खाटेवर ठेवला. मग उठता उठता म्हणाला, "आता दिसतंय ना? मग वाईट कशाला बोलतोस?"

सहीसाठी त्याने पेनही आणलं होतं. ते तो खाटेवर ठेवून गेला.

यमुना इथे लिहिते आहे, तर तिचंही सांगतो. त्या दिवशी तिला वाटत होतं की मी सही करावी. तिचं माहेरही त्याच गावात, तिच्या भावांच्या बोटीही त्याच बर्फावर चालणाऱ्या. ती तसं बोलली नाही. पण पेन उचलून तिने पिशवीत ठेवलं, टाकून दिलं नाही.

पाड्यावर

इस्पितळातून सुटलो तो काळा चष्मा लावून. गावात आलो तर ओळखीची माणसं रस्ता ओलांडून जायची. निदान मला तसं वाटायचं, कारण बाजूने काय जातं ते मला नीट दिसत नव्हतं. शेठचा मुकादम दोनदा येऊन गेला. गोड बोलायचा. जाताना म्हणायचा, "शेठ थांबतील, पण किती थांबतील?"

मी ठरवलं, आधी बारक्याला भेटायचं. त्याने अंगठा दिला होता. तो सुखात असेल तर मीही सही करावी, असं मनात होतं. यमुना आणि मी एस.टी.ने मनोरच्या रस्त्याला उतरलो आणि चालत पाड्यावर गेलो.

बारक्या अंगणात बसला होता. झोपला की दम लागायचा म्हणून रात्रीसुद्धा तो कुडाला टेकून बसून असायचा, असं त्याची बायको जानी म्हणाली. तो माझ्यापेक्षा लहान. त्या दिवशी मला कोणी म्हातारा बसला आहे असंच वाटलं. खोकल्यावर त्याचं सगळं अंग वाकायचं.

"डोला कसा हाय?" त्याने विचारलं.

"एक हाय. तू वाचवलेला." मी त्याच्या शेजारी बसलो. "तू दवाखान्यात का जात नाहीस?"

"शेठनं पैसं दिलं ना. बोलं, आता तुजा नी माजा काय नाय. वासानं खोकला होतू, आपूआप जाल." तो थांबून श्वास गोळा करायला लागला. "पैसं संपलं. खोकला नाय संपला."

मी त्याला माझ्याबरोबर मुंबईला चल म्हटलं. तो जानीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भात लावून झाल्यावर येन."

परतीच्या वाटेवर यमुनेने पिशवीतून ते पेन काढलं आणि ओहोळात टाकलं. मला दिसलं नाही. पाण्यात काही पडल्याचा आवाज आला म्हणून मी विचारलं, तेव्हा तिने सांगितलं.

भाताची लावणी संपायच्या आधी बारक्या गेला.

मी सांगितलं

विम्याच्या कचेरीत मला एकच विचारलं, "वर्कशॉपने पाठवलं होतं याला साक्षी कोण?" मी पास्कल फोरमनचं नाव दिलं. पण अपघातानंतर ते मला एकदाही भेटायला आले नव्हते. आमच्या मालकाने त्यांना या भानगडीत पडू नकोस म्हणून बजावलं होतं, हे माझ्या कानावर आलं होतं. पास्कलना तीन मुली. नोकरी गेली तर काय, हा प्रश्न त्यांनाही होताच. वाट बघण्याचे ते दिवस मला डोळ्याच्या दुखण्यापेक्षा वाईट गेले.

एका रविवारी ते वसईहून थेट नवापूरला आमच्या घरी आले. ओट्यावर बसले नाहीत, उभेच राहिले.

"चर्चमधून येतोय," ते म्हणाले. "मी तुला पाठवलं, जनार्दन. मी तसं लिहून दिलंय. आता होईल ते होईल."

चहासुद्धा न घेता ते परत गेले. त्यांची नोकरी टिकली, पण फोरमनकी गेली.

अपघाताची नोंद झाली, माझा विमा मंजूर झाला. इन्स्पेक्टर आला. बर्फखाना बंद झाला आणि तोही ऐन मासळीच्या दिवसांत. टोपल्याच्या टोपल्या मासळी नासली. आमच्या दारात कुणीतरी कुजलेल्या बोंबलांचा ढीग ओतून गेलं. यमुनेच्या भावाने तिला तोंडावर सांगितलं, "तुज्या नवऱ्याला एक डोला हाय, त्यानं तरी गावाकडं बगायचा होता." दादाने तर बोलणंच टाकलं. पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेला गावची सगळी माणसं किनाऱ्यावर होती. आम्ही दोघं दार लावून घरात बसलो. नारळ घरातच देवापुढे फोडला.

बर्फखाना पुढे सुरू झाला. नवे व्हॉल्व्ह बसले, गडी लोकांना मुखवटे मिळाले. लोक बर्फ घ्यायला लागले. आमच्याशी बोलायला मात्र त्यांना त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागला.

ठाण्याला

बारक्याच्या बायकोचं माझ्यासारखं नव्हतं. तो शेठचाच माणूस, आणि शेठचा बर्फखाना विम्याबाहेरचा. तिच्यासाठी नुकसानभरपाईचंच दार होतं, आणि तेही त्या अंगठ्याने बंद झालं असं सगळे समजत होते. ठाण्याच्या एका वकिलांनी सांगितलं की असा घरगुती कागद कायदा मानत नाही. कामगाराने हक्क सोडला असं लिहून घेतलं तरी तो सुटत नाही. मात्र त्या दिवशी गॅस फुटला आणि बारक्या त्यात शिरला हे सांगणारा कुणीतरी पाहिजे.

तो मीच होतो.

तारखेला मी जानीला घेऊन ठाण्याच्या कामगार कोर्टात गेलो. तिने आयुष्यात पहिल्यांदा एवढी मोठी इमारत पाहिली होती. ती भिंतीला पाठ लावून बसली. मी सगळं सांगितलं. मग शेठचे वकील उठले. त्यांचा आवाज फार सभ्य होता.

"आपला एक डोळा पूर्ण गेलेला आहे. दुसऱ्यानेही कमी दिसतं. बरोबर?"

"बरोबर."

"मग आपल्याला बाहेर कोणी काढलं, हे आपण छातीठोकपणे कसं सांगता? आपल्याला दिसत तर नव्हतं."

मी म्हटलं, "साहेब, मी आत गेलो तेव्हा मला दिसत होतं. तिथे आम्ही दोघंच होतो. आणि तो मला उचलताना खोकत होता. तो खोकला मी नंतर त्याच्या अंगणात बसून ऐकलाय."

समोर जबानी लिहून घेणारा माणूस लिहायचा थांबला होता. मला जानीच्या बांगड्या वाजल्याचं ऐकू आलं.

निकाल तिच्या बाजूने लागला. बारक्या परत आला नाही, पण त्या पैशांमुळे पाडा सोडून तिला दर हंगामाला कामासाठी लांब जावं लागत नाही. कधी बोईसरच्या बाजारात आली तर आमच्याकडे वळते. अंगणात बसते, आत येत नाही. माझा चेहरा बघते आणि विचारते, "अजून दिसतंय ना?"

बोर्ड

विम्याचं दार निवडल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण विचारायला येणाऱ्यांना मी एक गोष्ट लपवत नाही. त्या पैशांसाठी डॉक्टरांच्या बोर्डासमोर बसावं लागतं. किती अधू झालात ते बोर्ड ठरवतं. पुढे बिघडलं तर परत अर्ज करता येतो, परत तपासतात. माझ्यासाठी तीच मोठी गोष्ट होती. एकरकमी घेतलेल्याला पुन्हा कुणी बोलावत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या उजव्या डोळ्यासमोर धुकं यायला लागलं. आधी वाटलं, खाडीवरचं आहे. दुपारी पण राहिलं तेव्हा समजलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसं आत खाणं चालूच होतं. अर्ज केला. बोर्डाचं बोलावणं आलं.

यमुना दाराशी उभी होती. डॉक्टर माझ्यासमोर थोड्या अंतरावर बसले. त्यांनी हात वर केला एवढं कळलं.

"किती बोटं?"

मी खूप वेळ बघितलं. चूक सांगितलं तर पैसे वाढतात, बरोबर सांगितलं तर डोळा राहतो, असं काहीतरी वेड्यासारखं मनात आलं. मला बरोबरच सांगायचं होतं. सगळा जीव एका डोळ्यात आणून मी म्हटलं, "दोन."

 लिहिल्याचा आवाज आला.

बाहेर आल्यावर मी यमुनेला विचारलं, "किती होती?"

तिने माझा हात धरून मला पायऱ्या उतरवल्या. मग म्हणाली, "मूठ होती."

पुढच्या महिन्यापासून पैसे वाढून आले. यमुनेने ते देवापुढे ठेवले नाहीत, मोजलेही नाहीत. डब्यात टाकले आणि चुलीकडे गेली.